हॉलिसच्या घराची राखण

हॉलिस क्रायडरला डॉक्टरांनी नाताळपर्यंतचे दिवस दिले, तेव्हा त्याने पहिली काळजी केली ती आपल्या बंदुकांची.

त्या वर्षी आमच्या खोऱ्यात चोरांनी नवीनच रीत काढली होती. वर्तमानपत्रात अंत्यविधीची बातमी वाचायची आणि सगळं गाव चर्चमध्ये बसलेलं असताना मेलेल्या माणसाचं घर धुऊन न्यायचं. बातमीत ‘शिकारीची आवड होती’ असं असलं की हमखास. सप्टेंबरात फेंटनांच्या घरून सहा बंदुका गेल्या, ऑक्टोबरात हॅस्केलांच्या घरून नऊ. फेंटनांकडे राखणीला थोरली विल्मा बसली होती, वय अठ्ठ्याहत्तर. तिला चोरांनी मांस धुरवायच्या खोलीत कोंडलं. चार तास ती टांगलेल्या डुकराच्या मांड्यांमध्ये उभी होती. चोर आत आले कसे, हे तिने कोणालाच सांगितलं नाही. चर्चला येणंही सोडलं.

“माझ्या घरी मास्तर बसेल,” हॉलिस म्हणाला.

आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी, पायाशी टाकी. मी तालुक्याच्या शाळेत चौतीस वर्षं पुस्तकं सांभाळली, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा.

“मी?”

“नाहीतर चर्चमध्ये येऊन तू करणार काय? गाता येत नाही, रडायला लाजतोस. त्यापेक्षा घरी बस.”

“हॉलिस, माझ्याकडे बंदूक नाही.”

“ते सगळ्या खोऱ्याला माहितेय. भिंतीवर बंदुकीऐवजी पुस्तकं असलेलं एकच घर. चोरालासुद्धा दया यायची.”

त्याची बायको ओलीटा ओट्याशी पाठ करून उभी होती. ती हसली नाही. हॉलिसही मग हसायचा थांबला. “बारा आहेत माझ्या. उद्या त्यातल्या एकीने कोणी पेट्रोलपंपावरच्या पोरीला मारलं, तर वर गेल्यावर मी काय तोंड दाखवू? ओलीटाचा भाऊ आला की तो नेईल सगळ्या. पण तो अंत्यविधीनंतर. मधले ते दोन तास, मास्तर.”

माझी बायको नडीन शेजारीच बसली होती. “हा एकटा नाही बसणार,” ती म्हणाली. “मीही बसेन. आणि आमच्या घरातही एक हवीच आहे. शंभरदा सांगितलं याला. रस्त्यापासून दीड मैल आत राहतो आम्ही. शेरीफचा माणूस यायला चाळीस मिनिटं. तोवर काय चोराला पुस्तक वाचून दाखवायचं?”

हॉलिसने कपाटातली एक बंदूक काढायला लावली, स्वतः उघडून रिकामी आहे हे दाखवलं आणि नडीनच्या हातात दिली. “कोपराच्या खोबणीत हा मागचा लाकडी दस्ता टेकव. आता बोट चापापर्यंत जातंय?”

बोट चार अंगुळं अलीकडेच राहिलं. माझंही तेच झालं. हॉलिस सहा फूट तीन इंच होता, त्याच्या सगळ्या बंदुका त्याच्या मापाच्या.

“बघितलंत? दुसऱ्याचा बूट घालून पळता येत नाही. उद्या रॉइसच्या दुकानात जाऊ. आणि मला माती देईपर्यंत मी शिकवतो तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाईंना गवत टाकून, पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडून आम्ही तसेच निघालो. रॉइसचं दुकान खत-बियाण्यांच्या दुकानामागे आहे. हॉलिस ट्रकमध्येच थांबला. काउंटरपलीकडून रॉइस जे बोलायचा ते सगळं माझ्याशी. नडीन तिथे नव्हतीच जणू.

“बाईंसाठी ना? मग हे बघा.” त्याने गुलाबी मुठीचं एक एवढुसं रिव्हॉल्वर काचेवर ठेवलं.

“हे काय आहे?” नडीन म्हणाली. “अंघोळीचा साबण?”

रॉइसने मग पिस्तूल काढलं. वरची पट्टी मागे ओढल्याशिवाय त्यात गोळी चढत नाही. नडीनने तीस वर्षं दूध काढलेलं, अंगठ्यांचे सांधे लिंबाएवढे झालेत. तिने ओढली, दात आवळले, पुन्हा ओढली. पट्टी हलली नाही. रॉइसने पिस्तूल माझ्याकडे दिलं. मला वाटलं, निदान मला तरी जमेल. पट्टी अर्धी आली आणि माझ्या बोटांतून सटकून परत गेली. दुकानात काडतुसं घ्यायला तीन शेतकरी उभे होते. ते हसले नाहीत. तिघांनीही वळून भिंतीवरचं कॅलेंडर बघायला घेतलं. हसले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात टाकी फरफटत हॉलिस आत आला. “रॉइस, पोरखेळ पुरे. दुनळी काढ. वीस बोरची, आखूड दस्त्याची. मागे लावलेली आहे, मला माहितेय.”

“ती जुनी आहे, हॉलिस.”

“मीही जुना आहे. काढ.”

त्याने ती आमच्यासमोर मधोमध मोडून उघडली. दोन नळ्या, दोघींना वेगवेगळा चाप, आणि नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. “बारा बोरची नळी जाड, तिचा धक्का यांचा खांदा उतरवेल. पिस्तुलाचा नेम बसायला वर्षं जातात, आणि माझ्याकडे वर्षं नाहीत. ही उघडली की आत काय आहे ते आंधळ्यालाही कळतं. पण एक लक्षात ठेवा, हिलाही पातळ भिंत कळत नाही. समोरच्याच्या मागे कोण आहे, ते आधी बघायचं.”

नडीनने दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवला. बोट चापापाशी नेमकं पोचलं. तिचे गाल लाल झाले. लग्नाच्या वेळी बूट पायात बसला तेव्हा झाले होते तसे.

सरकारी अर्ज मी भरला. लिहिण्याचं काम, ते तरी चोख व्हावं म्हणून फार जपून भरला. रॉइसने वाचला आणि मान वर केली. “मास्तर, आजच्या तारखेच्या जागी तुम्ही जन्मतारीख लिहिलीत. अर्ज एकाहत्तर वर्षं मागे गेलाय.” आता मात्र ते तिघं शेतकरी मनमुराद हसले. हॉलिस इतका हसला की नळी नाकातून निसटली.

शिकवणी हॉलिसच्याच गवताच्या माळावर सुरू झाली. ऑक्टोबरातले उरलेले भोपळे ओलीटाने कुंपणावर मांडले. हॉलिस ट्रकमध्ये, अंगावर दोन घोंगड्या, काच खाली. पहिले दहा दिवस त्याने काडतुसाला हातच लावू दिला नाही. उघडा, बघा, नळीत बोट घालून बघा, बंद करा. पुन्हा उघडा. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी यायचं, लोखंड इतकं गार की कातडी चिकटायची.

“बोट बाहेर!” तो दारावर थाप मारून ओरडायचा. “मास्तर, चाप म्हणजे पुस्तकाची खूण नाही, कायम बोट ठेवायला! बोट वर, सरळ, लाकडावर!”

बंदूक जवळ असताना कसं वागायचं, हेही त्याने त्याच दिवसांत शिकवलं. आमच्याकडे हे सगळे जाणतात, मलाच माहीत नव्हतं. कोणी ओळखीचं माणूस जवळ आलं की बंदूक उघडायची, काडतुसं काढून खिशात टाकायची, मगच बोलायचं.

“बंद बंदूक हातात घेऊन शेजाऱ्याशी बोलणं म्हणजे टोपी न काढता चर्चमध्ये प्रार्थनेला बसणं,” हॉलिस म्हणाला. “माझ्या बापाने त्यापायी एकाशी बोलणं सोडलं होतं.”

अकराव्या दिवशी खरी काडतुसं आली. माझा पहिला बार आकाशात गेला, कारण मी डोळे मिटले होते. नडीनचे पहिले दोन कुंपणाच्या खांबाला लागले. तिसऱ्याला भोपळा फुटला. केशरी गर, बिया, वाफ, सगळं एकदम हवेत! नडीन किंचाळली. मग तिला भान आलं, बंदूक उघडली, गवतावर ठेवली, आणि मग उड्या मारल्या. सदुसष्ट वर्षांची बाई, रबरी बुटांत. मी तिला असं नाचताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

“बाई!” हॉलिसने हाक मारली. “पुढच्या वेळी मनात म्हण, हा माणूस आहे. भोपळा नाही.”

ती थांबली. “माणूस म्हटलं तर हात चालेल का रे माझा?”

“ते मलाही माहीत नाही,” हॉलिस म्हणाला. “माझ्यावर ती वेळ आली नाही.”

रात्री तिच्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग उमटायचा. मी त्यावर व्हिनेगरचं फडकं ठेवायचो आणि ती म्हणायची, “उद्या किती भोपळे उरलेत?” बंदूक कपाटात कुलपात, काडतुसं वेगळ्या खणात. कुलूप लागलं की नाही, हे बघायला मी तीनदा उठायचो.

डिसेंबरच्या नऊ तारखेला, शुक्रवारी, हॉलिस खुर्चीत बसल्या बसल्या गेला. सोमवारी अकराला अंत्यविधी ठरला. बातमीत शिकारीचा उल्लेख नको, असं पाद्रींनी सुचवलं. ओलीटा म्हणाली, “त्याने आयुष्यभर दुसरं केलं काय? खरं ते छापा.”

सोमवारी गाईंचं उरकून आम्ही साडेनऊला हजर झालो. नडीनने ट्रक मुद्दाम पुढच्या अंगणात उभा केला. “घरात माणसं आहेत हे दिसू दे. आपण चोर धरायला नाही आलो, घर राखायला आलोय.” ओलीटा काळे कपडे घालून तयार होती. जाताना तिने बंदुकांच्या काचेच्या कपाटाकडे नुसतं बघितलं आणि दार ओढून घेतलं.

मग बायका येऊ लागल्या. चर्चला जाता जाता मयताच्या घरी झाकलेलं भांडं ठेवून जायचं, ही इथली पद्धत. स्वयंपाकघराच्या दाराने, दार न वाजवता. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं, म्हणजे परत करताना घोळ नको. आणि घेणाऱ्याने ते दोन्ही हातांनी घ्यायचं. एका हाताने घेतलं तर पदार्थाचा अपमान.

पहिली जोलीन आली. मी बंदूक घेऊन उभा.

“अगं बाई! मास्तर, घेवडा आहे हो, मारू नका!”

मी बंदूक उघडली, काडतुसं काढली, खिशात टाकली, बंदूक कोपऱ्यात ठेवली, घेवडा घेतला. जोलीन गेल्यावर पुन्हा काडतुसं भरली. मग चीज घातलेले बटाटे आले. उघडली, काढली, ठेवली, घेतले, भरली. मग भोपळ्याची पाई. मग मक्याचा ब्रेड.

“बटाट्यांनी हात वर केलेत, मास्तर!”

“माझ्या कोंबडीला आधीच मारलंय, तुम्ही कष्ट घेऊ नका!”

आठव्या भांड्यापर्यंत माझे कान तापले होते. दारात जमलेल्या तिघीजणी तोंडावर रुमाल धरून हसत होत्या, अंत्यविधीला निघालेल्या बायका. त्या गेल्यावर मी काडतुसं पुन्हा भरलीच नाहीत. बंदूक बंद केली आणि कोठीच्या दारामागे टेकवून ठेवली. अकरा वाजत आले होते. आता सगळे चर्चमध्ये. नडीन कोठीत हॅमचे काप करत होती. टेबलावर अकरा भांडी, खिडक्यांवर वाफ.

सव्वाअकराला गाडी आली. कोणीतरी दार वाजवलं.

आमच्याकडे दार कोणी वाजवत नाही. हे माझ्या मनात आलं, पण तोवर मी दार उघडलं होतं. काळ्या कोटातली पन्नाशीची बाई, हातात काचेच्या झाकणाचं भांडं. तिच्यामागे एक उंच माणूस, टाय आखूड बांधलेला.

“ओलीटाबाईंसाठी आणलंय,” ती म्हणाली. “उशीरच झाला, माफ करा.”

मी दोन्ही हात पुढे केले. भांडं गार होतं. हलकंही होतं. सवयीने माझी बोटं बुडाखाली फिरली. पट्टी नव्हती.

“कोणाकडचं म्हणून सांगू?”

“सांगा, मैत्रिणीकडचं.”

तेवढ्यात तो माणूस आत आला होता. त्याने टेबलावरच्या एकाही भांड्याकडे बघितलं नाही. तो बैठकीच्या खोलीकडे, काचेच्या कपाटाकडे बघत होता. मग त्याने खिशातून दोरी काढली.

“बसा, आजोबा,” तो म्हणाला. “लागणार नाही तुम्हाला. मांस धुरवायची खोली कुठंय?”

मला एका क्षणात विल्माची शरम कळली. तिनेही भांडं घेतलं असणार. दोन्ही हातांनी.

“तिथंच थांब,” नडीन म्हणाली.

ती कोठीच्या दारात उभी होती. अंगात पीठ लागलेला एप्रन, खांद्याला दस्ता, बोट सरळ लाकडावर. नळ्या त्या माणसाच्या छातीवर. आणि माझ्या उजव्या खिशात दोन काडतुसं, मांडीला लागत होती.

सांगू कसं? बोललो तर त्यांनाही कळणार. भांडं टाकावं तर काच फुटेल, दचकून तो तिच्यावर धावेल. मी ते छातीशी धरून उभा राहिलो. माझ्या हातात झाकण खडखडत होतं.

“डेल्बर्ट, डावीकडे सरक,” ती म्हणाली. मी त्याच्या मागे आलो होतो. मी सरकलो. आता त्याच्या मागे फक्त फ्रिज होता.

“आजी, उडवणार?” तो हसला.

“हो.” आणखी बटाटे हवेत का विचारल्यावर म्हणावं, तसं.

“हात थरथरतायत की तुझे.”

“थरथरू देत. एवढ्या जवळून चुकायचं म्हणजे कमाल आहे. दार तुझ्या शेजारीच उघडं आहे. त्याच दाराने जा.”

त्याने एक पाऊल टाकलं. मी डोळे मिटणार होतो, पण मिटले नाहीत. झाकण इतक्या जोरात खडखडलं की मला दुसरं काही ऐकू आलं नाही. नडीनचा चेहरा मी बघितला. त्या चेहऱ्याची बाई मला माहीत नव्हती. ती पांढरीफटक पडली होती आणि एकाच जागी बघत होती.

दारातल्या त्या बाईने त्याचा कोट धरला. “चल! अरे चल, बघतोस काय! ती मारतेय तुला!”

दोघं पाठमोरे न होता, पायरीला अडखळत बाहेर गेले. गाडी फिरली. मी खिडकीशी धावलो आणि गाडीचा नंबर वाचला. पुस्तकांचे नंबर आयुष्यभर लक्षात ठेवले, तसा हाही बसला. फोनवर शेरीफच्या कचेरीत दोनदा सांगितला. मग भांडं कुठेतरी ठेवायला हवं होतं म्हणून टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत ओला टॉवेल होता.

नडीन जमिनीवर बसली होती. बंदूक उघडून शेजारी ठेवलेली. ती नळ्यांकडे बघत होती.

“मी ओढला, डेल्बर्ट.”

“काय?”

“चाप. त्याने पाऊल टाकलं तेव्हा पुढचा ओढला. काही झालं नाही. मग मागचाही ओढला.” तिने माझ्याकडे बघितलं. “मनात म्हटलं होतं, हा माणूस आहे. म्हणून ओढला.”

मी खिशात हात घातला आणि ती दोन काडतुसं तिच्यासमोर फरशीवर ठेवली. तिने त्यांना हात लावला नाही.

साडेबाराला सगळे माती देऊन परत आले. तोवर शेरीफच्या माणसाचा फोन आला होता, गाडी हायवेवर अडवली, मागच्या डिकीत हॅस्केलांच्या दोन बंदुका सापडल्या. मग काय विचारता! कोणी नडीनला मिठी मारत होतं, कोणी माझ्या पाठीवर थापा. ओलीटाने कपाटाच्या काचेवर तळहात टेकवला आणि तशीच उभी राहिली. “बाराच्या बारा,” ती म्हणाली, कोणाला ते कळलं नाही. रॉइसने आमची दुनळी उचलली, आत डोकावला आणि सगळ्यांना दाखवली.

“बघा! एवढ्या धांदलीत काडतुसं आधी काढून ठेवली बाईंनी. याला म्हणतात हात!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. नडीनने बटाट्यांचं भांडं उचललं आणि वाढायला लागली.

घरी जाताना ट्रक ती चालवत होती. निम्म्या वाटेवर तिने वेग कमी केला.

“एक विचारते. खरं सांगायचं. काडतुसं तू मुद्दाम काढून ठेवलीस का?”

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, काही मोठं ऐकायला मिळेल असं.

“नाही,” मी म्हणालो. “त्या बायका हसत होत्या. मला लाज वाटली. म्हणून परत भरलीच नाहीत.”

ती रस्त्याकडे बघत राहिली. मग तिच्या नाकातून एक आवाज निघाला. मग दुसरा. मग ती अशी हसायला लागली की ट्रक रस्त्याकडेच्या चराकडे जायला लागला.

“लाज!” ती म्हणाली. “एक माणूस जिवंत घरी गेला... तुझ्या लाजेपायी! तुरुंगात गेला म्हणा, पण गेला!”

मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईतो. तिने कुंपणाशी ट्रक थांबवला, पुढे नेववत नव्हता. ट्रक थांबलेला बघून आमच्या गाई पलीकडून धावत आल्या आणि तारांशी गर्दी करून हंबरायला लागल्या. त्यांची वेळ झाली होती.

“उतर,” नडीन डोळे पुसत म्हणाली. “आज गवताचे गठ्ठे तू ढकल. माझं हे बोट अजून सरळ होत नाहीये.”